निवड आणि निर्णय : प्रेक्षकसहभागी रंगभूमीची एक चिकित्सा

प्रस्तावना

नाटक ही प्रेक्षकाच्या प्रत्यक्ष उपस्थितीशिवाय पूर्ण न होणारी कला आहे. कादंबरी वाचकाविना कपाटात राहू शकते, चित्र रिकाम्या दालनात टांगलेले राहू शकते. प्रयोग मात्र प्रेक्षकाविना केवळ तालीम ठरतो. असे असूनही नाट्यसमीक्षेत प्रेक्षकाचा विचार प्रामुख्याने आस्वादक म्हणूनच झालेला दिसतो. विसाव्या शतकात या भूमिकेला छेद देणारे काही प्रयत्न झाले. प्रेक्षकाला कथानकाचा शेवट ठरवू देणे, त्याच्याकडून मत घेणे, त्याला रंगमंचावर बोलावून प्रसंग बदलू देणे, अशा विविध मार्गांनी त्याला निर्णयप्रक्रियेत ओढण्यात आले. या सर्व प्रयत्नांना ‘प्रेक्षकसहभाग’ हे एकच नाव दिले जाते आणि तेथेच वैचारिक घोटाळा सुरू होतो. कारण समोर ठेवलेल्या दोन पर्यायांतून एक उचलणे आणि पर्याय स्वतः घडवणे या दोन भिन्न कृती आहेत. पहिलीला ‘निवड’ व दुसरीला ‘निर्णय’ म्हणता येईल. प्रस्तुत लेखात या भेदाच्या आधारे काही महत्त्वाच्या नाट्यप्रयोगांची चिकित्सा केली असून, प्रेक्षकाला मिळालेला अधिकार खरा की आभासी हे ओळखण्याचे निकष शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

भारतीय परंपरेतील प्रेक्षकाचा अधिकार

प्रेक्षकाला सक्रिय मानण्याची कल्पना केवळ पाश्चात्त्य आहे, असे समजण्याचे कारण नाही. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’तील सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार आला आहे. प्रेक्षकांचे स्मित, हास्य, ‘साधु’, ‘अहो’ असे उद्गार यांवरून मानुषी सिद्धी ओळखावी, असे तेथे सांगितले आहे. त्याच अध्यायात ‘प्राश्निक’ म्हणजे प्रयोगाची परीक्षा करणारे जाणकार येतात. यज्ञवेत्ता, नर्तक, छंदाचा व शब्दाचा जाणकार, राजा, धनुर्विद्येत निपुण, चित्रकार, वेश्या, गायक-वादक आणि राजसेवक अशी त्यांची गणना आहे. ज्याचा जो विषय, त्याची परीक्षा त्याने करावी, हे यामागील तत्त्व आहे. यज्ञाच्या प्रसंगाबद्दल यज्ञवेत्त्याचे आणि शृंगाराच्या उपचारांबद्दल वेश्येचे मत ग्राह्य धरणारी ही व्यवस्था पांडित्याइतकाच अनुभवालाही प्रमाण मानते. पुढील विवेचनात हा मुद्दा पुन्हा उपयोगी पडणार आहे. मात्र प्राश्निकांचा अधिकार परीक्षणापुरता मर्यादित आहे. प्रयोग कोणत्या दिशेने जावा, हे ते ठरवत नाहीत.

मराठी रंगभूमीवरही प्रेक्षकाने आपला अधिकार बजावलेला आहे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने संगीत नाटकाची जी परंपरा दृढ केली, तिच्यात ‘वन्समोअर’ ही प्रेक्षकाची हक्काची मागणी बनली. बालगंधर्वांच्या पदांना मिळणाऱ्या वन्समोअरमुळे कथानक जागच्या जागी थांबे आणि प्रयोगाची लांबी प्रेक्षकांच्या इच्छेवर अवलंबून राही. संगीत बारीतील फर्माईश व दौलतजादा यांतही प्रेक्षक कार्यक्रमाचा क्रम ठरवतो. अर्थात तेथे शब्द चालतो तो पैसे देणाऱ्याचा. या दोन्ही उदाहरणांत प्रेक्षक प्रयोगाच्या काळावर व क्रमावर सत्ता गाजवतो, परंतु आशयाला हात लावत नाही. शकुंतलेचे पद तीनदा ऐकण्याचा हक्क त्याला आहे, दुष्यंताला जाब विचारण्याचा नाही. प्रेक्षकाचा रंगमंचावरील प्रभाव आणि त्याचा आशयावरील अधिकार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे यातून स्पष्ट होते.

मतदार म्हणून प्रेक्षक

आशयाचा एक भाग प्रेक्षकाच्या हाती देण्याचे गाजलेले उदाहरण म्हणजे आयन रँड यांचे ‘नाइट ऑफ जानेवारी सिक्स्टीन्थ’ हे नाटक. १९३५ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या या न्यायालयीन नाटकात प्रेक्षकांतून बारा जणांची ज्युरी निवडली जाते. आपल्या मालकाच्या व प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेली कॅरन आंद्रे दोषी की निर्दोष, याचा निकाल ही ज्युरी देते आणि त्यानुसार लेखिकेने लिहून ठेवलेल्या दोन शेवटांपैकी एक सादर होतो. पुरावा दोन्ही बाजूंनी समतोल ठेवण्यात आला असल्यामुळे निकालातून खटल्यापेक्षा ज्युरीच्या जीवनदृष्टीचा उलगडा व्हावा, अशी रँड यांची अपेक्षा होती. ही कल्पना बुद्धिमान आहे. पण तिच्यात ज्युरी ही जणू परीक्षार्थी ठरते. तिने कोणतेही उत्तर दिले, तरी ते आधीच लिहिलेले असते.

१९८५ मध्ये रूपर्ट होम्स यांनी चार्ल्स डिकन्सच्या ‘एडविन ड्रूड’ या कादंबरीवर संगीतिका रचली. डिकन्सचे १८७० मध्ये निधन झाल्यामुळे ही रहस्यकथा अपुरी राहिली होती. होम्स यांनी त्या अपुरेपणाचेच तंत्र बनवले. वेषांतर केलेला गुप्तहेर कोण, खुनी कोण आणि अखेरीस प्रेमिकांची जोडी कोणती, हे प्रेक्षक मतदानाने ठरवतात. येथे पर्यायांची संख्या वाढते, शेवट अनेक होतात. परंतु मतदानाचे स्वरूप खेळाचेच राहते. खुनी म्हणून कोणाचीही निवड केली, तरी प्रेक्षकाच्या कोणत्याही समजुतीला धक्का लागत नाही. नाटकानेही तसा दावा केलेला नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा होय.

या प्रकारातील आभास सर्वांत स्पष्टपणे उघड केला तो १९६७ च्या माँट्रियल येथील जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनाने. राडूझ चिन्चेरा यांच्या ‘किनोऑटोमॅट’ या प्रयोगात चित्रपट मध्येच थांबे, निवेदक रंगमंचावर येई आणि प्रेक्षक आसनावरील लाल किंवा हिरवे बटण दाबून नायकाने पुढे काय करावे ते ठरवीत. प्रत्यक्षात कथानकाची रचना अशी होती की कोणतेही बटण दाबले, तरी दोन्ही वाटा थोड्याच वेळात पुन्हा एकत्र येत. इमारतीला लागणारी आग कोणत्याही बहुमताने टळत नसे. एकपक्षीय राजवटीच्या देशातून आलेल्या या प्रयोगात मतदानाच्या विधीवरील उपहास वाचणे अवघड नाही. मत देण्याची यंत्रणा असणे आणि मताला परिणाम असणे यांतील अंतर ‘किनोऑटोमॅट’ने तंत्राच्याच साहाय्याने दाखवून दिले.

‘टेरर’ : प्रश्न कोण विचारतो?

या मालिकेतील अलीकडचे आणि गंभीर उदाहरण फर्डिनांड फॉन शिराख या वकील-लेखकाचे आहे. त्यांचे ‘टेरर’ हे नाटक ऑक्टोबर २०१५ मध्ये बर्लिन व फ्रँकफुर्ट येथे एकाच दिवशी रंगमंचावर आले. दहशतवाद्याने अपहरण केलेले, १६४ जण असलेले प्रवासी विमान सत्तर हजार प्रेक्षकांनी भरलेल्या क्रीडागाराकडे जात असता हवाई दलाचा अधिकारी लार्स कॉख आदेशाविरुद्ध ते पाडतो. त्याच्यावर खटला चालतो आणि नाट्यगृहातील प्रत्येक प्रेक्षक न्यायासनाचा सभासद मानला जातो. दोषी की निर्दोष, हे बहुमताने ठरते. या नाटकावरील चित्रपट ऑक्टोबर २०१६ मध्ये दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आला, तेव्हा मत देणाऱ्या जर्मन प्रेक्षकांपैकी सुमारे ८७ टक्के लोकांनी कॉखला निर्दोष ठरवले.

येथे विषय खेळाचा नाही. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००६ मध्ये असे विमान पाडण्याची मुभा देणारी कायद्यातील तरतूद मानवी प्रतिष्ठेच्या तत्त्वाविरुद्ध म्हणून रद्द केली होती. म्हणजेच प्रेक्षक केवळ एका पात्राचे भवितव्य ठरवत नव्हते, तर एका घटनात्मक तत्त्वावरही मत देत होते. नाटकाने सामान्य नागरिकांना इतक्या कठीण नैतिक प्रश्नावर विचार करायला लावले, हे त्याचे यश नाकारता येत नाही.

तरीही दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला आक्षेप पर्यायांविषयी आहे. कृत्य बेकायदेशीर असणे आणि ते करणारा व्यक्तिशः दोषास पात्र असणे यांत जर्मन फौजदारी विचार फरक करतो. कृत्य चुकीचे ठरवूनही, असह्य कोंडीत सापडलेल्या माणसाला दोषमुक्त करता येईल काय, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. प्रेक्षकाच्या हाती मात्र केवळ दोन मते आहेत. कॉखविषयी सहानुभूती वाटणाऱ्याला त्याच्या कृत्याचे समर्थनही पदरात घ्यावे लागते. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. विमान अपहृत झाल्यानंतर क्रीडागार रिकामे करण्यास अवधी होता, मग ते का केले गेले नाही, हा प्रश्न नाटकातील सरकारी वकीलच उपस्थित करते. त्याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. परंतु मतपत्रिकेवर तो प्रश्न नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात एकटा वैमानिक उभा आहे; क्रीडागार रिकामे न करणारी यंत्रणा तेथे आणण्याचा अधिकार प्रेक्षकाला दिलेलाच नाही. ज्या प्रेक्षकाला सर्वोच्च न्यायाधीश म्हटले गेले, त्याला आरोपपत्रात एक ओळ घालण्याचीही मुभा नाही. प्रश्न ठरवण्याची सत्ता लेखकाकडे आणि उत्तर देण्याची जबाबदारी प्रेक्षकाकडे, अशी ही विभागणी आहे.

बोआल : प्रेक्षकाचा रंगमंचप्रवेश

या विभागणीलाच आव्हान देणारे नाव म्हणजे ब्राझीलचे ऑगस्तो बोआल (१९३१–२००९). साओ पाउलो येथील अरेना थिएटरमध्ये काम करणाऱ्या बोआल यांना लष्करी राजवटीने १९७१ मध्ये अटक करून छळले. त्यानंतर त्यांना देश सोडावा लागला. १९७३ मध्ये पेरूतील साक्षरता मोहिमेत काम करताना त्यांना आलेला अनुभव त्यांच्या विचाराला वळण देणारा ठरला. पतीने फसवलेल्या एका स्त्रीची हकीकत नट सादर करीत होते आणि तिने काय करावे हे प्रेक्षक सुचवीत होते. पतीशी स्पष्ट बोलावे, अशी एका धिप्पाड स्त्रीची सूचना होती. नटांनी ती वेगवेगळ्या रीतीने करून दाखवली, पण तिचे समाधान होईना. अखेरीस बोआल यांनी तिलाच रंगमंचावर बोलावले. तिने केरसुणी उचलून पतीच्या भूमिकेतील नटाला चोप दिला. तिच्या लेखी ‘स्पष्ट बोलणे’ म्हणजे ते होते.

हा प्रसंग विनोदी वाटला, तरी त्याचा सैद्धांतिक आशय मोठा आहे. प्रेक्षकाचे मत शब्दांत घेऊन ते नटाकरवी सादर केले की त्या मताचा अर्थ नट ठरवतो. मत आणि कृती यांमधला मध्यस्थ दूर केल्याशिवाय प्रेक्षकाला नेमके काय म्हणायचे आहे, हेच कळत नाही. येथून ‘फोरम थिएटर’चे तंत्र विकसित झाले. अन्यायाचा एक प्रसंग पराभवासह सादर केला जातो. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू होतो आणि कोणीही प्रेक्षक ‘थांबा’ म्हणून पीडिताची जागा घेऊ शकतो. विरोधी पात्रे आपापल्या हितसंबंधांनुसार त्याला प्रतिकार करतात. बोआल यांनी अशा प्रेक्षकासाठी प्रेक्षक आणि नट हे दोन्ही शब्द जोडून नवी संज्ञा घडवली. मराठीत त्याला ‘प्रेक्षक-नट’ म्हणता येईल.

मतदान आणि फोरम यांत तीन मूलभूत फरक दिसतात. पहिला, फोरममध्ये पर्यायांची यादी आधी ठरलेली नसते. दुसरा, सुचवलेला उपाय तेथेच कसोटीला लागतो. सावकाराला दोन शब्द सुनावणे सोपे आहे, असे बाकावरून वाटणाऱ्याला रंगमंचावर सावकाराची उत्तरे झेलावी लागतात. तिसरा, एका हस्तक्षेपाने खेळ संपत नाही. दुसरा प्रेक्षक तोच प्रसंग वेगळ्या मार्गाने नेऊ शकतो. बहुमताने वाद मिटवणे हा येथे हेतू नसून, शक्यता वाढवणे हा आहे. याशिवाय पीडिताची जागा शक्यतो तेच दुःख भोगणाऱ्याने घ्यावी, असा संकेत आहे. ज्याचा विषय त्याने परीक्षा करावी, या नाट्यशास्त्रातील तत्त्वाशी त्याचे नाते लक्षणीय आहे. प्राश्निक मात्र निवाडा देऊन थांबतो. प्रेक्षक-नट स्वतः उठून करून पाहतो.

रंगमंचाकडून कायद्याकडे

रंगमंचावर सापडलेल्या उत्तराचे पुढे काय होते, हा प्रश्न फोरमपुढेही उरतो. बोआल १९८६ मध्ये ब्राझीलला परतले आणि १९९२ मध्ये रिओ द जानेरोच्या नगरसभेवर निवडून आले. १९९३ ते १९९६ या कालावधीत त्यांनी वस्त्यांमध्ये आणि विविध समूहांमध्ये नाट्यगट उभे केले. फोरममध्ये पुढे आलेल्या सूचनांचे विश्लेषण करून त्यांना विधेयकाचे रूप दिले जाई आणि ती नगरसभेत मांडली जात. या प्रक्रियेतून १३ कायदे संमत झाले. नगरपालिकेच्या रुग्णालयांत वृद्धांच्या आजारांसाठी विशेष व्यवस्था आणि गुन्ह्यांतील साक्षीदारांचे संरक्षण हे विषय त्यांत होते. प्रेक्षकाचा निर्णय नाट्यगृहाबाहेर बंधनकारक होण्याचे हे दुर्मिळ उदाहरण आहे.

या प्रयोगाची मर्यादाही त्याच्या रचनेतच होती. त्याचा पूल एका व्यक्तीच्या सभासदत्वावर उभा होता. १९९६ मध्ये बोआल पुन्हा निवडून आले नाहीत, तेव्हा रस्ता ते सभागृह हा थेट मार्ग बंद झाला. प्रेक्षकाचा निर्णयाधिकार टिकायचा असेल, तर तो एखाद्या कलावंताच्या पदावर नव्हे, तर समूहाच्या सवयीवर आधारलेला असावा लागतो.

ही सवय घडवण्याचा भारतातील दीर्घ प्रयत्न पश्चिम बंगालमध्ये झाला. संजय गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये सुंदरबनच्या परिसरात स्थापलेल्या ‘जन संस्कृती’ने १९९१ मध्ये बोआल यांच्याशी संपर्क आल्यानंतर फोरमचे तंत्र स्वीकारले. मुलीचे माहेर, विवाह व सासर यांतील दडपणूक दाखवणारे ‘सोनार मेये’ हे तिचे प्रसिद्ध नाटक. या संस्थेच्या पद्धतीतील महत्त्वाची गोष्ट म्हणजे एकाच वस्तीत तेच नाटक पुन्हा पुन्हा सादर करणे. पहिल्या वेळी प्रेक्षक तावातावाने सोपा उपाय सुचवतो. पुन्हा तेच नाटक आले की मधल्या काळात त्याने त्यावर विचार केलेला असतो, शेजाऱ्यांशी वाद घातलेला असतो. मत आणि निर्णय यांच्यात विचाराला जो अवधी लागतो, तो या पुनरावृत्तीमुळे मिळतो. ‘टेरर’मधील प्रेक्षकाला मध्यंतरापुरता वेळ मिळतो, सुंदरबनमधील प्रेक्षकाला दोन प्रयोगांमधला.

फोरमच्या मर्यादा

तथापि फोरम रंगभूमीकडे भाबडेपणाने पाहणे योग्य नव्हे. तिच्यात प्रेक्षक आणि नट यांना जोडणारा ‘जोकर’ असतो. आपल्या सूत्रधाराप्रमाणे तो प्रयोगाच्या आत आणि बाहेर वावरतो. कोणाला पुढे बोलवायचे, कोणता उपाय वास्तवाला सोडून आहे, चर्चा कोठे थांबवायची, हे तोच ठरवतो. लेखकाची सत्ता गेली आणि जोकरची आली, असे घडू शकते. प्रसंगाची निवडही बहुधा नाट्यगटच करतो. म्हणजे प्रश्न कोण ठरवतो, हा ‘टेरर’विषयीचा आक्षेप फोरमलाही काही अंशी लागू पडतो. शिवाय सासरच्या छळाविषयी बोलण्यासाठी उठणाऱ्या सुनेचे सासू-सासरे त्याच प्रेक्षकांत बसलेले असू शकतात. शहरी प्रेक्षक मत देऊन अनामिकपणे घरी जातो; गावातील स्त्रीला त्या मतासह त्याच घरात राहावे लागते. तिच्या हस्तक्षेपाची किंमत मोजल्याशिवाय तिच्या ‘सहभागा’चा गौरव करणे ही समीक्षेची बेजबाबदारी ठरेल.

महाराष्ट्राच्या संदर्भात

या विवेचनाचा महाराष्ट्राशी दोन ठिकाणी थेट संबंध येतो. पहिला संबंध परवानगीच्या पद्धतीशी आहे. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता आगाऊ सादर करून प्रमाणपत्र घेण्याची पद्धत राज्यात दीर्घकाळ रूढ झाली. अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये या पूर्वपरिनिरीक्षणाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. त्या वादाची चर्चा मुख्यतः लेखकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने झाली. परंतु त्यात प्रेक्षकाचाही प्रश्न दडलेला आहे. नाटक म्हणजे आधी लिहून पूर्ण झालेला मजकूर, हे अशा पद्धतीचे गृहीतक असते. ज्या प्रयोगाचा उत्तरार्ध त्या दिवशीचा प्रेक्षक रचणार आहे, त्याची संहिता आगाऊ कोण आणि कशी सादर करणार? प्रेक्षकाला निर्णयकर्ता मानणारी रंगभूमी या चौकटीत बसूच शकत नाही.

दुसरा संबंध महाविद्यालयांशी आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे आणि युवक महोत्सव यांमुळे पथनाट्य हा विद्यार्थ्यांच्या परिचयाचा प्रकार झाला आहे. व्यसनमुक्ती, हुंडा, स्त्रीभ्रूणहत्या हे त्याचे नित्याचे विषय. मात्र बहुतेक पथनाट्यांचा साचा ठरलेला असतो : समस्या, तिचे दुष्परिणाम, अखेरीस घोषणा. उत्तर विद्यार्थ्यांकडे आहे आणि अज्ञान गावकऱ्यांकडे, असे या साच्याचे गृहीत असते. दारूबंदीचा उपदेश ज्या स्त्रीला केला जातो, तिला दारूच्या अर्थकारणाची माहिती नटांपेक्षा अधिक असते. घोषणेच्या जागी त्याच प्रसंगाची पुनरावृत्ती करून तिला रंगणात बोलावले, तर पथनाट्याला लागणारा खर्च वाढत नाही. फक्त उत्तर आपल्याला ठाऊक आहे, ही भूमिका सोडावी लागते. बक्षिसासाठी ठरावीक मिनिटांत संपवायच्या स्पर्धेत हे शक्य नाही, हे खरे. पण म्हणूनच स्पर्धेचे नियम आणि शिबिराचा हेतू यांत फरक करण्याची जबाबदारी मार्गदर्शक प्राध्यापकांवर येते.

समारोप

वरील चिकित्सेतून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) मतदानाची सोय म्हणजे निर्णयाधिकार नव्हे. पूर्वलिखित शेवटांतून एक उचलणारा प्रेक्षक निवड करतो. प्रश्नाची मांडणी बदलू शकणारा प्रेक्षक निर्णय घेतो.

२) प्रेक्षकाच्या अधिकाराची परीक्षा चार प्रश्नांनी करावी : प्रश्न कोणी ठरवला, पर्याय वाढवता येतात काय, उत्तर कसोटीला लागते काय आणि पुनर्विचाराला वाव आहे काय.

३) अनुभवाला प्रमाण मानण्याचे तत्त्व भारतीय नाट्यविचाराला अपरिचित नाही. मात्र त्याला परीक्षणाच्या मर्यादेतून कृतीपर्यंत नेणे आवश्यक आहे.

४) सहभागाची जोखीम सर्वांना सारखी नसते. जो निर्णय घेतो, त्याला त्याचे परिणाम भोगण्यात एकटे न सोडणे हे प्रयोगकर्त्यांचे नैतिक कर्तव्य आहे.

नाटक समाजाला बदलते काय, या जुन्या प्रश्नाचे निश्चित उत्तर येथे मिळत नाही. पेरूतील त्या स्त्रीने केरसुणी उचलली, तेव्हा तिच्या शेजारणीचा संसार सुधारला, असे कोणी म्हणणार नाही. परंतु तज्ज्ञ नटांनी तिच्या शब्दांचा लावलेला अर्थ चुकीचा आहे, हे तिने सर्वांसमक्ष सिद्ध केले. आपल्या वतीने बोलणाऱ्याला थांबवून ‘मला हे म्हणायचे नव्हते’ असे सांगता येणे, ही निर्णयाधिकाराची पहिली पायरी होय. ती पायरी प्रेक्षकाला उपलब्ध करून देणारी रंगभूमीच खऱ्या अर्थाने प्रेक्षकसहभागी म्हणवून घेण्यास पात्र ठरते.